झालं एकदाचं

वराळ्याच्या त्या छोट्या कंपनीत पॅकिंग मशीनचे प्रोग्राम लिहिले जात आणि ते मशीनपर्यंत पोचत आदिनाथच्या खिशातून. प्रोग्राम बदलला की तो पेनड्राइव्ह खिशात टाकून मोटरसायकलवर लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात जाई. तिथल्या नंदाबाई त्याच्या हातावर चिक्कीचे तुटके तुकडे ठेवत, आणि ते खाणं हाही नोकरीचाच भाग असल्यासारखा तो सावकाश खाई.

समीक्षाला हे सगळं बदलायचं होतं. कारण स्वार्थी होतं आणि ते ती लपवतही नसे. कुरवंड्याहून वराळ्याला यायचं म्हणजे आधी जीप, मग लोकल, मग रिक्षा. ऑफिसात पोचेपर्यंत डोक्याचा ताजेपणा वाटेतच सांडलेला असे. मालक अमृत सरांनी तिला महिनाभर घरून काम करायची मुभा दिली होती. अट एकच. या शुक्रवारी चिक्कीच्या मशीनला नवा प्रोग्राम कुणीही न जाता, आपोआप पोचला पाहिजे. पोचला तर घरून काम कायम, नाही तर सोमवारपासून रोज हजेरी. (अमृत सरांना ऑफिसात पाठीमागे 'पंजाब' म्हणत. कारण उघड होतं.)

ऑफिसच्या कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर, कुणी प्रोग्राममध्ये बदल केला की तो आपला आपण तयार करून तपासत असे. समीक्षाने त्याला एक टूल जोडलं होतं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर टाइप केलेल्या कमांडवर चालायचं. तयार झालेला प्रोग्राम ते नाव लावून साठवणार आणि लोणावळ्याचं मशीन त्यातला सर्वांत नवा उचलणार. साठवायच्या जागेला ती 'गोदाम' म्हणे, सरांना समजावं म्हणून.

"म्हणजे आपण गोदाम घेतलंय?" सरांनी विचारलं होतं.

"जागा नाही सर, इंटरनेटवरच आहे."

"मग भाडं नसेल."

"भाडं आहे."

पहिल्या दिवशी सगळं दुपारभर अडकून पडलं. टूल मोठ्या अदबीनं विचारत होतं, 'खात्री आहे का?' आणि 'हो' म्हणायला त्या कोपऱ्यात कुणी नव्हतं.

"माझा पेनड्राइव्ह नाही असं काही विचारत," आदिनाथ म्हणाला. "आणि विचारलंच, तर उत्तर द्यायला मी असतो ना तिथं!"

टूलला 'काहीही न विचारता काम कर' असं सांगायचीही सोय होती. समीक्षाने ते सांगितलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या चाचण्या व्यवस्थित पार पडल्या. इथंच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण अर्धवट काम तिला झोप येऊ देत नसे. आदिनाथच्या पेनड्राइव्हवरचे जुने प्रोग्राम एक दिवस हरवतील, म्हणून तिने तेही सगळे गोदामात नेऊन ठेवले.

शुक्रवारी सकाळी कुरवंड्यात खिडकीपाशी बसून तिने शेवटची कमांड दिली. पडद्यावर हिरवी खूण आली. तिने चहाचा कप उचलला आणि फोन वाजला.

"समीक्षाताई, आज काय हाय?" नंदाबाईंचा आवाज.

"शुक्रवार, मावशी."

"वार न्हाई, सण इचारते. पाकिटावर 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' छापून येतंय. हितं आखाड चालू हाय, लोकं कोंबड्या कापत्यात, आन् तुमी दिवे लावा म्हणताय व्हय?"

"लाल बटण दाबा, मावशी. लगेच!"

"दाबलं. पर आता गप बसून ऱ्हायलंय ते. उद्या शनवार, लय गर्दी. दुकानदार माझं डोकं खातील."

तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर आदिनाथचा मेसेज आला, 'निघू का?' खाली सरांचा, 'थोडं थांब.' त्या 'थोडं'मध्ये आपली सगळी लोकल, जीप, रिक्षा बसली आहे हे समीक्षाला कळत होतं.

तिने गोदाम उघडलं. तिच्या प्रोग्रामला रीतसर आकडा होता. त्याच्याखाली आदिनाथची नावं, इंग्रजी अक्षरांत: फायनल, फायनल नवीन, लय फायनल. आणि सर्वांत शेवटी, झालं एकदाचं.

तिने आदिनाथला फोन लावला. "दादा, हे 'झालं एकदाचं' काय आहे?"

"ते मागच्या दिवाळीचं. 'लय फायनल' देऊन आलो, तर मावशींनी 'दीपावली'ची पहिली वेलांटी चुकलेली काढली. परत गेलो. मग वैतागून ते नाव ठेवलं."

"टूल नावं क्रमानं लावतं. आधी आकडे, मग अक्षरं. जे शेवटी, ते सर्वांत नवं."

"आणि 'झालं'चा झेड सर्वांत शेवटी." तो म्हणाला. "म्हणजे माझंच शेवटचं ठरलं म्हण की!" आवाजात समाधान मावत नव्हतं. "मग सोपंय. तुझ्याला दोन झेड लाव."

खरं सांगायचं तर तिची बोटं झेडवर गेलीही होती. पण पुढच्या वेळी तीन लागतील, मग चार. वर्षभरात गोदाम घोरायला लागेल. तिने जुने सगळे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात हलवले, मशीनने फक्त आकडेवालेच उचलावेत असं लिहिलं आणि पुन्हा कमांड दिली. वराळ्याचा कॉम्प्युटर पहिल्यापासून कामाला लागला. हिरवी खूण आली. या वेळी तिने चहाला हात लावला नाही, आधी नंदाबाईंना फोन लावला.

"लाल बटण सोडा, मावशी."

फोनमधून मशीनची खडखड ऐकू आली. "आलं बाई! 'शेंगदाणा चिक्की'. आन् ती दिवाळीची पाकिटं?"

"बाजूला काढा."

"बाजूला कशाला? आमच्या मालकास्नी इचारून पुढं मांडते. पावण्यांस्नी हसायला व्हईल."

फोन ठेवतेय तोवर सरांचा आला. "समीक्षा, कुठे आहेस? मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी उभा आहे. मघापासून पडद्यावर काहीतरी पळतंय आणि तू जागेवर नाहीस."

"सर, मी घरी आहे. कुरवंड्याला."

"मग हे कोण करत होतं?"

"मीच, सर. इथून."

"मशीन चालू झालं?"

"झालं. मावशींशी आत्ताच बोलले." तिने गार झालेला चहा बाजूला सरकवला. "सोमवारी येऊ का, सर?"

"येऊन काय करशील? माझ्याशेजारी उभी राहून हेच बघशील. तिथंच थांब." मग फोन तोंडापासून दूर गेला, तरी आवाज स्वच्छ आला. "अरे आदिनाथ, काढ ते हेल्मेट!"

"सर, एकदा नजर टाकून येतो की," आदिनाथ म्हणत होता. "मशीनला माणसाची सवय असते."