जुळ्यातली उरलेली

उखर्डूनं वर पाहिलं आणि त्याच्या हातातली पिठाची पाटी कलंडली. गिरणीचा पट्टा फटफट फिरतच होता. सांडलेल्या पिठाकडे त्याचं लक्षही नव्हतं. दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या पोरीकडे तो बघतच राहिला होता.

"नाना, मी भाविका शे," ती हळूच म्हणाली.

"हा... माहीत शे माले," उखर्डू म्हणाला. पण डबा त्यानं तिच्या हातून घेतला नाही. ओट्यावर ठेव, असं नुसत्या खुणेनं सांगितलं.

सोनगीरमध्ये हे आता नेहमीचंच झालं होतं. मयुरी आणि भाविका या भाईदास पंक्चरवाल्याच्या जुळ्या पोरी. दोघींचा चेहरा इतका सारखा, की शाळेत मास्तरांनी एकीला लाल आणि एकीला हिरवी रिबीन बांधायला लावली होती. मेच्या उन्हात, भर दुपारी, कूलरमध्ये पाणी ओतताना मयुरीला शॉक बसला आणि ती जागीच गेली. भाविका तेव्हा धुळ्याला लॅबमध्ये होती. तिथं ती रक्त घ्यायचं, नळ्यांवर नावं घालायचं काम करायची. निरोप मिळाल्यावर ती कशीबशी घरी पोचली, तोवर मयुरीला अंगणात आणून ठेवलं होतं. भाविका माणसांतून वाट काढत पुढं आली आणि बायकांचं रडणं एकदम थांबलं. कुणाच्या तरी कडेवरचं पोर किंचाळलं. चादरीखाली जो चेहरा होता, तोच समोर चालत आला होता. सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळले आणि त्या डोळ्यांत भाविकाला दुःख दिसलं नाही, भीती दिसली.

तेव्हापासून गावाच्या लेखी तीच भूत झाली. ती नळावर गेली की बायका हंडा अर्धवट भरून निघून जायच्या. शेजारच्या भिकुबाईनं लहानपणी दोघींना मांडीवर खेळवलं होतं. तिच्याही चौकटीला आता लिंबू आणि बिब्बा लटकत होता. भाईदास दिवसभर हायवेवरच्या दुकानात टायर खोलत बसायचा आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून जेवायचा. पोरीनं भाकरी वाढली तर हात पुढं करायचा, मान वर करायचा नाही.

पोळ्याच्या सुमाराला भाविकानं कपाटातून मयुरीचा फोन काढला. त्यातला तिचा आवाज एकदा ऐकावा, एवढंच मनात होतं. पासवर्ड माहीत नव्हता. आई तो चार्ज करून ठेवायची, त्यामुळं तो बंद पडला नव्हता. तिनं तो समोर धरला. फोननं तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तो उघडला. भाविकानं तो गादीवर टाकला. अंगावर सर्रकन काटा आला होता. माणसं निदान दचकत तरी होती. या यंत्राला शंकासुद्धा आली नव्हती.

तिच्याकडे बघायला न घाबरणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे तिची आई, सुमनबाई. ती उलट फार बघायची. भाविका कामावरून आली की चुलीपुढून उठून दाराशी यायची, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायची आणि बघत राहायची. एक दिवस, दिवेलागणीच्या वेळी, ती म्हणाली, "एकदाव तिनासारखं बोल ना. थोडा येळ मयुरी व्हय."

भाविकाला नाही म्हणवलं नाही. मयुरी कशी बोलायची, हे तिच्याएवढं कुणाला माहीत असणार? तिनं मान जराशी कलती केली आणि मयुरीच्या खालच्या, ओढलेल्या सुरात विचारलं, "माय, च्या ठेवू का?"

सुमनबाईचा चेहरा उजळला. मयुरी गेल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. भाविकाला वाटलं, आईला एवढ्यानं बरं वाटत असेल तर आपलं काय जातं?

मग ते रोजचंच झालं. दिवे लागले की भाविकानं मयुरीची मोरपंखी ओढणी घ्यायची आणि मयुरीच्या शिलाई मशीनवर बसायचं. मयुरी गावातल्या बायकांची ब्लाउजं शिवायची. भाविकाला साधी टीपसुद्धा मारता येत नव्हती. ती नुसतीच पायडल हलवायची आणि आई दाराशी बसून तो आवाज ऐकायची. आधी पाय अडखळत. काही दिवसांनी अडखळायचे थांबले. एका संध्याकाळी तिनं खाली पाहिलं तर सुईखालून कापड सरकत होतं आणि टीप अगदी सरळ होती. कापड कुणी घातलं, तिला आठवेना.

आरशापुढं उभं राहायची तिला आता भीती वाटू लागली. वेणी घालताना वाटायचं, समोरची आपल्या आधीच हात उचलते आहे.

एके दिवशी लॅबमध्ये रत्नाताईंनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. त्या लॅबमधल्या सगळ्यात जुन्या. समोरच्या स्टँडमध्ये एका म्हाताऱ्या पेशंटच्या रक्ताची नळी होती आणि तिच्यावर भाविकाच्या अक्षरात नाव होतं : मयुरी भाईदास.

"हे माझ्या नजरेला पडलं म्हणून बरं," रत्नाताई म्हणाल्या. "कोण गं ही?"

भाविकानं सगळं सांगितलं. ओढणी, मशीन, आरसा, सगळं. या शहरात मयुरीला कुणी पाहिलेलं नव्हतं. इथं तिला बघून कुणी दचकत नव्हतं. तरीही मयुरी नळीपर्यंत येऊन पोचली होती. रत्नाताईंनी ती नळी स्टँडमधून काढून बाजूला ठेवली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बहीण गेल्यावर तू रडलीस का?"

भाविकानं आठवून पाहिलं. नव्हती रडली. रोज संध्याकाळी मयुरी घरी येत होती. रडायचं कुणासाठी?

"आईला सांभाळतेस ते चांगलंच आहे," रत्नाताई म्हणाल्या, "पण तिच्याही दोन पोरी होत्या. तू अशी वागलीस तर दोघी जातील."

त्या दिवशी परतताना काळीपिवळी जीप रस्त्यात बंद पडली. भाविका घरी पोचली तेव्हा सोनगीरच्या किल्ल्यामागं सूर्य बुडाला होता. सुमनबाई मागं परसात होती. भाविका मनाशी ठरवून आली होती, आज ओढणी घ्यायची नाही. पण हात सवयीनं खुंटीकडे गेला आणि ती मशीनवर बसली. पायडल चालू झालं.

सुमनबाई आत आली. तिच्याकडे बघून मायेनं हसली आणि उंबऱ्यावर जाऊन रस्त्याकडे डोळे लावून बसली. अंधार दाटत होता. मग सुमनबाई वळून म्हणाली, "मयुरी, भाविका अजून कशी उनी नही वं? अंधारं पडी गयं."

भाविकाचे पाय थांबले.

आईच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. एरवी भाविकाला उशीर झाला की असायची, तशीच. ती धुळ्याच्या रस्त्याकडे बघत होती आणि जिची वाट बघत होती, ती तिच्या मागं चार हातांवर बसली होती. भाविकाला ओरडून सांगावंसं वाटलं, पण घशातून जो आवाज आला असता, तो कुणाचा असेल, याचीच तिला खात्री नव्हती. खोलीतली हवा विहिरीतल्यासारखी गार झाली होती.

ती उठली. ओढणी काढून मशीनवर ठेवली. मागच्या दारानं परसात गेली, चप्पल घातली, भिकुबाईच्या भिंतीला वळसा घालून गल्लीत आली आणि पुढच्या दाराशी, रोज कामावरून येते तशी, येऊन उभी राहिली.

सुमनबाई लगबगीनं उठली. "उनी का? मयुरी कव्हानी वाट देखी राहिनी तुनी."

"माय, मयुरी गयी," भाविका म्हणाली. तिचा स्वतःचा, जरा चिरका आवाज तिनं कित्येक दिवसांनी या घरात ऐकला. "मी भाविका शे. मी एकटीच शे आते."

सुमनबाईनं मागं वळून पाहिलं. मशीनवर कुणी नव्हतं. ती मशीनपाशी गेली, ओढणी उचलली, दोन्ही हातांनी चाचपली. परत येऊन भाविकाचा चेहरा हातात धरला. या वेळी तो तिनं उजेडाकडे वळवला नाही.

"मंग ती येवाव नही?"

"नही, माय."

सुमनबाई उंबऱ्यावरच खाली बसली आणि तिच्या तोंडून जो हंबरडा फुटला, तो ऐकून दुकान बंद करून घरी येणारा भाईदास गल्लीतून धावत सुटला. दाराशी येऊन बघतो तर मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. तो तसाच उभा राहिला. मग खाली बसला. ग्रीसनं काळा झालेला हात त्यानं भाविकाच्या डोक्यावर ठेवला.

"तुना तोंडकडे देखाले धीर व्हत नव्हता, पोरी," तो म्हणाला आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर सगळं झटक्यात सुरळीत झालं, असं नाही. सुमनबाई अधूनमधून नाव चुकायची. चुकली की थांबायची, आणि भाविका शांतपणे आपलं नाव सांगायची. आरशाकडे बघायला भाविकाला बरेच दिवस लागले. पण नळ्यांवरची नावं पुन्हा चुकली नाहीत.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा भिंतीवर लावायला मयुरीचा फोटो शोधू लागले. एकटीचा म्हणावा असा धड एकही नव्हता. जन्मापासून, अगदी फोनमध्येसुद्धा, दोघींचे फोटो जोडीनंच काढलेले. भिकुबाई सहज बोलून गेली, "भाविकानाच लाई द्या. कोनले काय समजस?"

"नही," सुमनबाई म्हणाली. "जी गयी तिनाच लावाना."

मामाच्या लग्नातला एक फोटो घेऊन भाविका धुळ्याच्या स्टुडिओत गेली. दोघी गळ्यात हात टाकून हसत होत्या. यातली कोणती ठेवायची, असं फोटोवाल्यानं विचारलं तेव्हा तिनं क्षणभरही न थांबता डावीकडच्या मुलीवर बोट ठेवलं. त्यानं दुसरीला कापून काढलं. मयुरीच्या खांद्यावरचा तिचा हात मात्र तेवढा राहत होता. तोही पुसून देतो, असं तो म्हणाला. भाविका नको म्हणाली.

श्राद्धाच्या दिवशी भाईदासनं फोटो खिळ्याला टांगला आणि झेंडूचा हार घातला. हार जरा मोठाच झाला होता. मयुरीच्या खांद्यावरची ती चार बोटं फुलांखाली गेली. सुमनबाई उठली, पाटावर चढली आणि बोटं दिसतील एवढा तो हार तिनं हळूच बाजूला सरकवला.