दुभंगल्या शेपटीचा पक्षी

मी गाडीतून गोवऱ्या उतरवून आत आलो तेव्हा आई नक्षी काढत बसली होती. गेल्या कित्येक वर्षांत तिने कुंचली हातात धरली नव्हती. हात कापायचा. मडकी ती घडवायची, दगडाने घोटून चकचकीत करायची, आणि रंगकाम माझ्याकडे. आमच्यात हे आईकडून मुलीकडे जातं खरं, पण बहीण शहरात, आल्बुकर्कीला, नोकरी करते, आणि रस्त्याच्या कामावर पाठ मोडून घरी बसलेला मी एकटाच हाताशी होतो.

घागरीच्या पोटावर पक्षी होता. एका दमात ओढलेला. रेघ कुठेही थरथरली नव्हती. मी खूश होऊन वाकलो आणि तसाच राहिलो, कारण तो आमचा पक्षी नव्हता. आमच्याचे पंख उघडे असतात, शेपटीत तीन पिसं. याचे पंख मिटलेले, मान मागे वळवलेली, आणि शेपटी मधोमध दुभंगलेली. हा एक घर सोडून राहणाऱ्या रेयेसिताच्या घरचा पक्षी. गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"आई, हा आपला नाही," मी म्हटलं.

"आपला नाही तर माझ्या हातातून कसा आला?" ती म्हणाली, आणि युक्काच्या काटेरी झुडपाच्या पात्याचं टोक दातांनी चावून मऊ करू लागली. आमची कुंचली तीच.

मला वाटलं, वय. दवाखान्यात नेऊन आणलं. नर्सने वार विचारला, राष्ट्राध्यक्ष कोण ते विचारलं, आईने सगळं बरोबर सांगितलं आणि वर, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय, पडशील, असंही सांगितलं. घरी आल्यावर दुसऱ्या घागरीवर पुन्हा तोच पक्षी काढला. मग तिसरीवर.

आमच्या गावात शेजारी न विचारता गाडी घेऊन जातो, कुऱ्हाड नेतो, कोणी काही म्हणत नाही. पण दुसऱ्या घरच्या पक्ष्याला हात लावायचा नाही. त्यातून हे घर रेयेसिताचं. गावच्या सणाला सगळे सगळ्यांकडे जेवतात, पण आई त्या दारावरून मान न वळवता पुढे जायची. का, ते मला कधी कळलं नाही. लहानपणी विचारलं होतं, तेव्हा पाव खा म्हणाली होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुकानात एकाने विचारलंच, "काय टिनो, पक्षी उडून तुमच्याकडे आलाय म्हणे. दाणे कसले टाकता?" त्याच दिवशी मी भट्टीतले दोन ताजे पाव घेतले, एक घागर टॉवेलात गुंडाळली आणि माफी मागायला रेयेसितामावशीकडे गेलो.

ती आवाज बंद करून टीव्हीवर कुस्त्या बघत होती. मी पाठ केलेलं बोलायच्या आतच तिने घागर मांडीवर घेतली, आतून अंगठा फिरवला, पक्षी खिडकीकडे वळवला.

"डोळा चुकलाय," ती म्हणाली. "बाकी बरोबर."

मग तिने जे सांगितलं ते मी तोंड उघडं टाकून ऐकलं. ती आणि आई लहान असताना गावात क्षयाची साथ आली होती. माझ्या आजीला शहरातल्या दवाखान्यात नेलं आणि आईला रेयेसिताच्या घरी ठेवलं. दोघी एकाच निळ्या घोंगडीत झोपायच्या, कोपरा जळलेली. रेयेसिताच्या आईने दोघींना शेजारी बसवून पक्षी शिकवला. "तिला माझ्याआधी जमला," मावशी म्हणाली. "माझीच आई, आणि कौतुक तिचं." मग आजी बरी होऊन परतली, मुलीला घेऊन गेली, आणि त्या दिवसापासून आईने ओळख टाकली. "काढू दे तिला. माझ्या आईने दिलाय, मी कोण नको म्हणणार?"

मी घागर परत घेऊन, हलका होऊन घरी आलो. आई माती मळत होती, जुन्या खापरांची भुकटी घालून. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले आणि ती हसायला लागली.

"मी? मी तिच्या घरी?" ती म्हणाली. "अरे, उलटं सांगितलं तिने तुला. दवाखान्यात तिची आई गेली होती. ती राहिली आमच्याकडे. पक्षी माझ्या आजीचा. ही जाताना घेऊन गेली, म्हणून आम्ही दुसरा धरला."

मी घोंगडीचं विचारलं. निळीच, म्हणाली. कोपरा जळलेला. दोघी त्यातच झोपायच्या. सगळं तेच, फक्त घर दुसरं.

त्या वेळचं सांगणारं आता एकच माणूस उरलं होतं. आबेनिसिओकाका, नव्वदीच्या पुढचे. त्यांचं घर या दोन घरांच्या मधोमध आहे, भिंतीला भिंत लागून. मी ओरडून ओरडून विचारलं. त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. एक पोरगी रडायची, ते म्हणाले. भिंतीतून ऐकू यायचं, आईला हाका मारायची. मी विचारलं, कुठल्या भिंतीतून?

"आता एका कानाने ऐकू येत नाही बाबा," काका म्हणाले, "तेव्हा कुठल्या कानाने ऐकलं होतं ते कसं सांगू?"

मी घरी येऊन माझ्याच मडक्यांसमोर बसलो. इतकी वर्षं सांता फेच्या बाजारात मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की हा तीन पिसांचा पक्षी पणजीच्या पणजीपासूनचा. आता तो कालपरवाचा, नाइलाजाने धरलेला निघत होता. किंवा निघत नव्हता. आईवर विश्वास ठेवावा तर मावशी खोटं बोलतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं. मावशीचं मानावं तर आई स्वतःचं बालपण विसरलीय. कच्ची मडकी पाण्यात टाकली की त्यांची पुन्हा माती होते. त्या तीन घागरी उचलून मी बादलीपर्यंत नेल्या आणि परत आणून ठेवल्या.

भाजायच्या दिवशी वारा पडलेला होता. मागच्या अंगणात मी लोखंडी जाळी मांडली, घागरी पालथ्या घातल्या, भोवती गोवऱ्या रचल्या. एक घागर उरली होती, तेवढ्यात रेयेसितामावशी काठी टेकत आली. हातातल्या पोत्यात स्वतःच्या गोवऱ्या होत्या. कोणी बस म्हटलं नाही. ती पालथ्या बादलीवर बसली.

आई तिच्याकडे न बघता गोवऱ्या लावत राहिली. मला काय करावं कळेना, म्हणून मी घागरींवर झाकायचा पत्रा उगाच इकडचा तिकडे केला.

"तुझ्या पक्ष्याचा डोळा चुकलाय, युसेबिया," मावशी शेवटी म्हणाली. "ठिपका हवा."

"ठिपका नको. डोळा पोकळच असतो," आई म्हणाली. "तुझ्या आईनेच सांगितलं होतं मला, शेजारी बसवून."

"माझ्या आईला काय विचारतेस? तुझ्या आजीने माझ्या हातावर चापट मारली होती, ठिपका दिला नाही म्हणून."

मी जागच्या जागी थांबलो. आईने आत्ता मावशीचं खरं केलं होतं, आणि मावशीने आईचं. मी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. दोघींच्या काही लक्षात आल्यासारखं दिसलं नाही. मी म्हटलं, म्हणजे नक्की कोण कुणाकडे राहत होतं? आईने मला पत्रा नीट झाक म्हणून सांगितलं. मावशीने उरलेली घागर मांडीवर ओढली, माझी कुंचली मागितली आणि डोळ्यात ठिपका दिला. आई बघत राहिली. मग तिनेच ती घागर जाळीवर पालथी घातली.

जाळ चांगला लागला. निखारे बसल्यावर काठीने घागरी बाहेर काढल्या. दोन स्वच्छ निघाल्या. ठिपक्याच्या घागरीवर गोवरी कलंडली होती, पंखावरून काळा डाग गेला होता. ती काही आता विकली गेली नसती. आईने ती काठीनेच मावशीच्या पायाशी सरकवली.

"घेऊन जा."

"गरम आहे."

"मग थांब."

ती थांबली. मी हिरव्या मिरचीचा रस्सा गरम केला. दोघींनी पाव बुडवून खाल्ला, आणि माझ्या रश्शात मीठ कमी आहे यावर त्यांचं लगेच एकमत झालं.

त्यानंतर ती दुपारची येऊ लागली. थंडी पडायच्या आत मी दोघींना गाडीत घालून टेकडीवर माती आणायला नेलं. दोघींनी चिमूट चिमूट मक्याचं पीठ वाहिलं, जमिनीशी हळू बोलल्या, आणि मग कुठे खणायचं यावरून भांडल्या. बहिणीचा फोन आला, शेवटी पक्षी कुणाचा निघाला? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, गिऱ्हाइकांना तरी काहीतरी एक सांग. मला तेही जमेना.

त्या हिवाळ्यात मी ढग काढले. पायरीपायरीचे ढग आणि खाली पावसाच्या रेघा. ते सगळ्या गावाचे असतात. आईने विचारलं, पक्षी का सोडलास? तुमचं आधी ठरू दे, मी म्हटलं.

"आमचं ठरलंय की," रेयेसितामावशी म्हणाली.

काय ठरलं, ते विचारायला मी तोंड उघडलं. पण तोवर आईने तिच्या मातीत बोट खुपसून पाणी जास्त झालंय म्हटलं होतं, आणि मावशी तिच्यावर उखडली होती. मी पुढचा ढग काढायला घेतला.