गुरुवारचं लोणी

मार्लबेकच्या चौकात दगडी खांबांवर एक उघडं छप्पर आहे. आम्ही त्याला क्रॉस म्हणतो. त्याच्याखाली बायका पिढ्यानपिढ्या लोणी, अंडी, चीज विकत आल्या. लग्न होऊन मी लीड्सच्या गिरणीवस्तीतून इथं आले, तेव्हा मला वाटलं होतं की इथं गुरं बांधत असतील. मी तसं बोलूनही गेले. सासूबाईंनी, म्हणजे डॉर्कस थ्रेल यांनी, ते वाक्य मरेपर्यंत मला ऐकवलं.

कुण्या जुन्या राजाने या गावाला बाजाराची सनद दिली, ती अटीवर. दर गुरुवारी घंटा वाजल्यावर, दुपारचे बारा व्हायच्या आत, क्रॉसखाली एक तरी विक्री झालीच पाहिजे. एक गुरुवार चुकला की बाजाराचा हक्क आणि चौकाची जागा परत जहागिरीकडे. प्लेगच्या साथीत नाणी व्हिनेगरच्या वाडग्यात टाकून घेतली, पण बाजार चुकवला नाही. लढाईत विकायला काही उरलं नव्हतं, तर कुणीतरी एक सलगम विकला म्हणे. गावाला या गोष्टीचा भारी तोरा.

एकोणीसशे त्रेसष्टचा हिवाळा आला आणि बर्फ खिडक्यांना लागला. रस्ते बंद झाले. जहागिरीला चौकात दुकानं आणि गाड्या लावायला जागा हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बुधवारी बातमी आली की जहागिरीचे कारभारी मिस्टर ऑल्डरसन उद्या स्वतः क्रॉसखाली उभे राहणार आहेत, बाजार भरतो का ते बघायला.

माझा नवरा म्हणाला, या बर्फात कुत्रंसुद्धा बाहेर पडणार नाही. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पहाटे गोठ्यातली घसरगाडी काढली, लोणी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्यावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "नेल, दोरी धर. कुत्रं नाही, आपण जातोय."

शेतावरून गाव एरवी अर्ध्या तासाचं. त्या दिवशी सगळी सकाळ गेली, पुढे सासूबाई वाट काढत, मागे दोरी ओढत मी. सासूबाई सत्तरीच्या होत्या. दोनदा कमरेपर्यंत रुतल्या, आणि दोन्ही वेळा मी काढायला गेले तर म्हणाल्या, आधी लोणी बघ.

चौकात शिरलो आणि मी हरखले. क्रॉस भरलेला होता. घंटेवाला एमॉस स्वतःच कांदे मांडून बसला होता. हॅना मेटकाफने विणलेले मोजे आणले होते. पाववाल्याने पाव, लोहाराने खिळे, शाळेच्या बाईंनी तर मुरंब्याच्या बरण्या मांडल्या होत्या. ज्याला दार उघडता आलं तो प्रत्येकजण आपापल्या बिऱ्हाडासह हजर होता. आम्ही आमचं फडकं पसरलं तेव्हा टाळ्या पडल्या. एमॉसने घंटा वाजवली.

आणि मग कुणीच काही घेईना.

चूक माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, कारण मी बाहेरची. व्यापाऱ्यांनी सगळा माल आपसात दाबून भाव चढवू नयेत म्हणून इथं जुना नियम आहे: ज्याने त्या दिवशी माल मांडला, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी बारापर्यंत काही विकत घ्यायचं नाही. प्रत्येकाला वाटलं होतं, विकणारा कोणी येणार नाही, आपणच जायला हवं. सगळं गाव विकायला आलं होतं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. वरच्या आळीतली माणसं बर्फाआड अडकलेली. एमॉस म्हणाला, आपण गावभर शहाणे, त्याचा हा प्रसाद.

मिस्टर ऑल्डरसन खांबाला टेकून उभे होते. माणूस वाईट नव्हता, नोकरी करत होता. पायात शहरी बूट, ओठ निळे पडलेले. घड्याळ काढायचे, परत खिशात ठेवायचे. हॅना मोजे त्यांच्या नाकासमोर झटकून परत घडी घालायची. त्यांनी मान वळवून बघितलं, पण घेतले नाहीत. घेतले असते तर बाजार भरला असता.

बारा वाजायला थोडाच अवकाश राहिला तेव्हा चर्चच्या बाजूने एक बाई टोपली घेऊन येताना दिसली. लिडिया ऑल्डरसन, कारभाऱ्यांचीच बायको. दर गुरुवारी सासूबाईंकडून लोणी घ्यायची आणि दर गुरुवारी भांडायची.

"लिडिया, घरी जा," कारभारी हळूच म्हणाले. "आज बाजार नाही."

"मग ही माणसं काय शेकायला बसलीत?" ती म्हणाली. "घरात लोणी नाही. पाव काय नुसता खाणार आहात?" आणि सासूबाईंसमोर टोपली ठेवून तिने भाव विचारला.

सासूबाईंनी नेहमीचा भाव सांगितला. लिडियाबाई म्हणाल्या, एक पेनी कमी करा. इथं मुकाट्याने सांगितला तो भाव दिला तर ती विक्री नाही, ते दान. म्हणून घासाघीस हवीच. पण ती संपायला तर हवी. सासूबाई म्हणाल्या, हे लोणी बर्फातून ओढत आणलंय. लिडियाबाई म्हणाल्या, मग ते गार असणारच, त्याचे का पैसे? दोघींपैकी एकही तसूभर हलेना.

मी कानाशी लागले. "आई, एक पेनीने काय होतंय? सोडून द्या."

"भाव पाडून वाचवलेला बाजार कसला गं?"

मग मला सुचलं. गुराढोरांचा सौदा झाला की विकणारा घेणाऱ्याला एक पेनी परत देतो, शकुनाची. भाव मोडत नाही, मान राहतो.

"शकुनाची पेनी द्या."

"लोण्याला? कुणी ऐकलंय?"

"आज ते गायीपेक्षा मोठं आहे, आई."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला. लिडियाबाईंनी त्यावर टाळी दिली, पूर्ण पैसे मोजले आणि एक पेनी परत घेतली. चर्चचं घड्याळ त्यानंतर वाजायला लागलं.

बाराव्या ठोक्यानंतर पहिलं गिऱ्हाईक मिस्टर ऑल्डरसन. त्यांनी मोज्यांचा भाव विचारला. हॅना म्हणाली, "गावचा सांगू की जहागिरीचा?" तिने जो सांगितला तो त्यांनी दिला, घासाघीस न करता. दानच ते, एमॉस म्हणाला.

पुढच्या गुरुवारी बर्फ तसाच होता. या वेळी आधी ठरलं की कोणी मांडायचं आणि कोणी घ्यायचं. आम्हाला मात्र कोणी विचारलं नाही, आमचं लोणी येणार हे धरलेलंच होतं. सासूबाईंनी पहाटे घसरगाडीची दोरी माझ्या हातात दिली आणि या वेळी पुढे मला चालायला लावलं.