नसेल तर कालचंच दाखव

सुतळीने फोन टेबलावर पालथा आपटला आणि खुर्ची अशी मागे ढकलली की ती थेट पाण्याच्या जारला जाऊन धडकली.

"परत मेलं."

"फोन की अ‍ॅप?" बोक्याने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"आत्ता अ‍ॅप. थोड्या वेळाने तू."

बोका हसला. सुतळी हे नाव त्यानेच ठेवलं होतं. दिसायला दोऱ्याएवढी, पण वात पेटली की कानठळ्या. आणि तो स्वतः बोका, कारण मांजराच्या पावलांनी यायचा आणि फ्रिजमधलं दूध संपवायचा. दोघांनी मिळून हे काम सुरू केलेलं. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक फ्रिज, आणि फोन घ्यायला मावशी. सगळेच तिला मावशी म्हणत, सख्खी ती कोणाचीच नव्हती.

काम तसं साधं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक पांढरी डबी लावायची. कोणी समोरून गेलं की डबी सर्व्हरला कळवते, आणि दूर राहणाऱ्या मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका दिसतो: हिंडतायत, फिरतायत, ठीक आहे. डबी गप्प झाली की ठिपका लाल. पहिली डबी सुतळीने स्वतःच्या बाबांच्या घरी लावली होती. आई गेल्यावर ते एकटेच होते. नवं गिऱ्हाईक आलं की ती आपला फोन पुढे धरायची आणि म्हणायची, "हे बघा, माझे बाबा. हिरवे." त्यावर माणसं विरघळायचीच.

आता नर्सांसाठी दुसरं अ‍ॅप निघायचं होतं. सर्व्हरशी बोलणारा कोड दोन ठिकाणी कशाला ठेवायचा, म्हणून तो जुन्या अ‍ॅपमधून उचलून वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे दोन्ही अ‍ॅपच्या सामाईक कोठारात, टाकायचं ठरलं. उचलला, टाकला, आणि तेव्हापासून नल पॉइंटर. म्हणजे कोड कुणाला तरी हाक मारतो, त्या जागी कुणी नसतंच, आणि अ‍ॅप उभ्या उभ्या आडवं होतं.

पहिले क्रॅश सरळ होते. कोड जुन्या अ‍ॅपच्या वस्तू मागत होता, त्या लायब्ररीत नव्हत्याच.

"मुलगी सासरी पाठवली," बोका म्हणाला होता, "आणि ती तिथे जाऊन माहेरच्या कपाटातला चमचा मागतेय."

"चमचे भरून पाठवायचं काम तुझं होतं."

चमचे पाठवून झाले. लॉगिनचा क्रॅश गेला, सेटिंगचा गेला. तरी एक क्रॅश उरला, आणि तो फक्त सुतळीच्या फोनवर. मावशीच्या फोनवर अ‍ॅप टुणटुणीत चालायचं. बोक्याच्याही.

"तुझा फोन तुझ्यासारखाच आहे," मावशी म्हणाली. "बोट लावलं की फुटतो."

"मावशी, संध्याकाळी हे बाहेर पाठवायचंय. टोमणे उद्या."

तिने फोन केबलने जोडला आणि कोड ओळी-ओळीने चालवत पुढे सरकली. खालचा ओठ दातांत धरून. सर्व्हरशी बोलणं झालं. उत्तर आलं. उत्तर उघडलं. त्यात एकच घर होतं, कारण तिच्या खात्याला एकच घर जोडलेलं होतं. नाव: बाबा. डबी: एक. शेवटची हालचाल: नल.

पुढच्या ओळीवर अ‍ॅप पडलं.

"बोक्या, सर्व्हर कचरा पाठवतोय."

"सर्व्हर कचरा पाठवत नाही. बरेच दिवस डबीकडून काही आलं नाही, की ती जागा रिकामी करतो. तूच तसं ठेवलंस."

"बरेच दिवस कसे? सकाळी हिरवा होता." तिने दुसरा फोन उघडला, ज्यात अजून जुनं अ‍ॅप होतं. "हा बघ. आत्ताही आहे."

ठिपका खरंच हिरवा होता. गवतासारखा.

बोक्याची खुर्ची हळूच तिच्या बाजूला आली. त्याने तिच्या हातून माउस घेतला नाही, नुसतं बोट दाखवलं. "जुन्या स्क्रीनची फाइल उघड. ठिपक्याचा रंग ठरतो ती."

तिने उघडली. लायब्ररीत नेताना ती फाइल मागेच राहिली होती, कारण ती सर्व्हरशी बोलत नव्हती, फक्त रंग लावत होती. मध्यावर एक ओळ होती, बोक्याच्या हातची. वर त्याने साध्या भाषेत लिहून ठेवलं होतं: नसेल तर कालचंच दाखव.

"नेट जरा गेलं की ठिपका लाल व्हायचा," बोका म्हणाला. "लोक रडत फोन करायचे. मावशीचा घसा बसला होता, आठवतं? म्हणून... म्हटलं, एखादा दिवस चुकला तर कालचा रंग असू दे."

"आणि काल पण नसेल तर?"

बोक्याने आपलीच ओळ पुन्हा वाचली.

"तर परवाचा," सुतळी स्वतःच म्हणाली. "आणि परवा नसेल तर तेरवाचा."

ती ओरडेल म्हणून मावशीने कानावर हात नेला होता. सुतळी ओरडली नाही. तिने सर्व्हरची जुनी नोंद काढली. बाबांच्या डबीचा शेवटचा संदेश होता पंखे दिवसरात्र फिरायचे तेव्हाचा. तिने खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या स्वतःच्या स्वेटरकडे पाहिलं. मग परत स्क्रीनकडे.

"अगं, नेट बिघडलं असेल," मावशी म्हणाली. "लाव फोन, बोल वडिलांशी."

सुतळीने फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली.

"परवाच बोलली असशील ना?" मावशीने विचारलं.

सुतळीने केलेल्या फोनांची यादी उघडली. अंगठ्याने वर सरकवली. गिऱ्हाईकं, डबीवाला, बोका, गिऱ्हाईकं. आणखी वर. अंगठा चालतच राहिला. मावशी बघत होती, मग तिने नजर काढून घेतली.

सुतळीने पुन्हा फोन लावला. फोन दोन्ही हातांत धरला होता. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली.

"हां, बोल चिऊ."

तिने फोन कानावर आणखी दाबला.

"अगं बोल. अंघोळीला होतो. फोन खणखणतोय म्हणून तसाच आलोय, गारठलोय."

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीये?"

"डबी बंद आहे तुमची."

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला.

"आज दिसलं होय," बाबा म्हणाले.

"काय झालंय तिला? नेट?"

"नेटला काही नाही. पिन मीच काढली."

"का?"

"तसं काही नाही गं." ते खाकरले. "डबी नव्हती तेव्हा तुझा रोज फोन यायचा. उठलात का, जेवलात का. डबी लावलीस आणि तो बंद झाला. म्हटलं, बघू. लाल झालं की करेल."

सुतळीने टेबलाची कड धरली.

"पहिले काही दिवस फोन घेऊनच हिंडत होतो. संडासातसुद्धा." ते हसले. "मग म्हटलं, असेल कामात. तिला ठाऊक असेल, बाप चिवट आहे, एवढ्यात काही जात नाही. मी रागावलो नाही हां. खरंच नाही."

बोका तिच्याकडे बघत होता. त्याला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता.

"बाबा, लाल झालंच नाही."

"म्हणजे?"

"मला हिरवं दिसत होतं. रोज."

"पिन काढलेली असताना?"

"हो."

मग बाबा म्हणाले, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, "म्हणजे मी गेलो असतो तरी हिरवाच."

हे सगळं बोक्याच्या माथी मारायला तिच्याकडे शब्द होते, भरपूर होते. त्यातला एकही वर येईना.

मागे बोका भराभर टाइप करत होता. एकदम थांबला. "मावशी," तो अगदी खाली म्हणाला, "अशी आणखी घरं आहेत." मावशीने चष्मा नाकावर चढवला, त्याच्या स्क्रीनवरचा पहिला नंबर बघितला आणि आपला फोन उचलला. तिचा नंबर दोनदा चुकला.

"चिऊ? आहेस का?"

"आहे."

"लावू का पिन परत? तुझं काम अडायला नको."

"नका लावू."

"मग तुला कळणार कसं?"

"सकाळी फोन करते."

"बरं." बाबांनी जरा विचार केला. "पण नऊच्या आधी नको हां. रात्रभर टक्क जागा असतो हल्ली, पहाटे कुठे डोळा लागतो."

सुतळी खाली बसायला गेली, पण खुर्ची अजून जारपाशीच होती. मग ती उभीच राहिली.

"केव्हापासून झोप नाही, बाबा?"

"ते सकाळी सांगतो," बाबा म्हणाले. "करणार आहेस ना फोन?"