मास्तर कोपऱ्यावर थांबतो

साहेब सव्वीस वर्षं लोकांना नापास करत आले होते आणि त्याचा त्यांना काडीचाही खेद नव्हता. गाडी चालवण्याचा परवाना देणाऱ्या कार्यालयात ते परीक्षक होते. शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर बावीस मुद्द्यांचा कागद ठेवायचा आणि तोंडातून अवाक्षर न काढता खुणा करत जायचं, हे त्यांचं काम. गावात समोर सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत. पाठीमागे ‘नापास’ म्हणत, हेही त्यांना ठाऊक होतं. लोक आपल्याला विसरत नाहीत, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला होता.

अशा माणसावर एका तट्टासाठी नवं घर शोधायची पाळी आली.

तट्टाचं नाव मास्तर. रंगानं तपकिरी, पोटानं गोल, वयानं चौदा. साहेबांची लेक आठ वर्षांची असताना तो घरी आला आणि आल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांपेक्षा नीट वागला. लाथ नाही, चावा नाही, उगाच खिंकाळणं नाही. रिकिबीत कुणाचा पाय अडकला, तर तो सुटेपर्यंत जागचा हलायचा नाही. पण लेक सतराची झाली, बापाच्या खांद्याच्या वर गेली. तिचे बूट जमिनीला टेकायला लागले, तेव्हा ती मास्तरवर बसली आहे की त्याला मधे धरून चालते आहे, हे लांबून कळेनासं झालं. मग ती शिकायला परगावी वसतिगृहात गेली. जाताना मास्तरच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, “बाबा, त्याला चांगलं घर तुम्हीच बघा. तुम्ही कुणाला सहजासहजी पास करत नाही ना, म्हणून.”

साहेबांनी मान डोलावली. त्यांना भरून आलं होतं, पण ते दाखवायची त्यांना सवय नव्हती.

घाई का करायची, असं त्यांचं मत होतं. पण त्यांचा मेहुणा जनावरांचा डॉक्टर. त्यानं मास्तरचे पाय उचलून पाहिले, खुरांवरून हात फिरवला आणि सरळ उभा राहिला.

“भावजी, हा लठ्ठ झालाय. खुरांवर भार येतोय. महिन्याभरात याच्या पाठीवर हलकं पोर बसून याला रोज पळवायला लागलं नाही, तर लंगडायला लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

“मी रोज फिरवतो त्याला,” साहेब म्हणाले.

“तुम्ही फिरवता म्हणजे तुम्ही फिरता. तो निम्मा वेळ कोपऱ्यावर उभा असतो. मी पाहिलंय.”

हे कोपऱ्याचं प्रकरण जरा सांगायला हवं. लेक लहान असताना दोरी साहेबांच्या हातात असायची. प्रत्येक कोपऱ्यावर ते म्हणायचे, “थांब. उजवीकडे बघ. डावीकडे बघ. पुन्हा उजवीकडे. चल.” लेक मान वळवून बघायची, मगच दोरी सैल सुटायची. रस्त्यात चिटपाखरू नसलं तरी सूट नाही. नऊ वर्षांत लेकीला ते पाठ झालं, आणि मास्तरला तर तिच्याही आधी. पाठीवरचं माणूस तीनदा वळल्याचं त्याला खोगिरातून कळायचं. ते कळेपर्यंत तो कोपऱ्यावरून, फाटकातून, कुठल्याही चौकातून पुढे पाऊल टाकायचा नाही. वळलं की मात्र लगेच निघायचा, सांगावंही लागायचं नाही. घरात यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. सगळेच घोडे असे वागतात, अशी त्या तिघांची प्रामाणिक समजूत होती.

साहेबांनी जाहिरात लिहिली. ‘सौम्य, शिस्तशीर तट्टू चांगल्या घरी देणे आहे. एकाच कुटुंबाच्या वापरातील. सर्व भाग मूळचे. एकही अपघात नाही.’ बायकोचं घरातच पडदे शिवायचं दुकान होतं. तोंडातल्या टाचण्या काढून तिनं ती वाचली आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

पहिला आला तो फोटोग्राफर. त्याला मुलांचे फोटो काढायला तट्टू हवं होतं. सोबत त्याचा पुतण्या होता. पुतण्या खोगिरावर बसला, साहेब कार्यालयातल्यासारखाच बावीस मुद्द्यांचा कागद घेऊन बाजूला उभे राहिले. मास्तर अंगणातून ऐटीत चालत फाटकापाशी गेला आणि थांबला. पुतण्यानं टाच मारली. फोटोग्राफरनं मागून ढकललं, पुढून गवत दाखवलं. मास्तरनं गवत खाल्लं आणि तिथेच उभा राहिला.

“हे अडेलतट्टू आहे हो!” फोटोग्राफर घाम पुसत म्हणाला. “जाहिरातीत तर सौम्य लिहिलंय.”

घोडं कुठे अडलंय, हे साहेबांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. सगळे घोडे असे नसतात, हेही त्यांना तेव्हाच उमगलं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. पोराला नुसतं ‘उजवीकडे बघ’ म्हटलं असतं की काम झालं असतं. सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. कागदावर पंधराव्या मुद्द्यापुढे फुली मारली आणि म्हणाले, “कळवतो.”

त्या संध्याकाळी मास्तरला खरारा करताना साहेब शीळ घालत होते.

त्यानंतर सहा जण येऊन गेले. दातांचे डॉक्टर जुळ्या मुलींना घेऊन आले, एक निवृत्त बँक मॅनेजर नातवाला घेऊन आले, घोडेस्वारी शिकवणाऱ्या एक बाई तर स्वतःच्या चाबकासकट आल्या. चाबूक पाहूनच साहेबांनी त्यांना दारातून परत पाठवलं, आणि त्यात मात्र त्यांचं काही चुकलं नाही. बाकी सगळ्यांचं गाडं फाटकाशी येऊन थांबलं. साहेब शेजारी मूग गिळून उभे. परीक्षेत परीक्षकानं उत्तर सांगायचं नसतं, असं ते मनाशी म्हणत, आणि हे त्यांना दर वेळी थोडं अधिक पटत असे.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर उभ्या उभ्या पुढचा उजवा पाय उचलायला लागला. जरा वेळ उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. साहेबांनी वाकून त्या खुराला हात लावून पाहिला.

बायकोही दारात उभी राहून बघत होती. “अहो, त्या सगळ्यांना तुम्ही कोपऱ्याचं सांगितलं होतंत?”

“कुणी विचारलं नाही.”

“विचारतील कसे? तट्टू मान वळवायची वाट बघतंय, हे कुणाच्या बापाच्या तरी डोक्यात येईल का?”

साहेब खराऱ्यात अडकलेले केस काढायला लागले.

“लेकीनं चांगलं घर शोधायला सांगितलंय,” ती म्हणाली. “घर नाकारायला नाही. तुम्हाला तो सोडवत नाही, तर तसं सरळ म्हणा. मलाही सोडवत नाही. पण पाय त्याचा दुखतोय, तुमचा नाही.”

ती आत गेली. शिवणयंत्र सुरू झालं आणि नेहमीपेक्षा जोरात चाललं. साहेब मास्तरच्या मानेवरून हात फिरवत राहिले. ज्याच्याशी ते मोकळेपणानं बोलत, असा जीव आता घरात हा एकच उरला होता, आणि तो उलट बोलत नसे. पुढच्या माणसाला सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. अगदी पक्कं ठरवलं.

पुढचं माणूस आलं ते शनिवारी दुपारी, बसनं. घरोघरी जाऊन आजारी माणसांना इंजेक्शनं देणारी, मलमपट्टी करणारी नर्स, आणि तिची सात वर्षांची मुलगी. नर्सनं फाटक उघडलं, साहेबांना पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

“तुम्ही!” ती म्हणाली. “तुम्ही मला तीनदा नापास केलंत.”

“चारदा,” साहेब म्हणाले. “चारही वेळा ‘थांबा’च्या पाटीपाशी गाडी पूर्ण थांबली नव्हती. सरपटत होती.”

“तसूभर!”

“सरपटत होती.”

नर्सनं मुलीचा हात धरला. “चल गं, घरी जाऊ. इथं आपली डाळ शिजायची नाही.”

पण मुलगी तोवर मास्तरपाशी पोहोचली होती. तिनं त्याच्या नाकापुढे तळहात धरला, त्यानं तो हुंगला आणि खाली मान घातली. ती जोरात हसली नाही, ओरडली नाही. नुसती त्याच्या कपाळावर कपाळ टेकून उभी राहिली. नर्सनं ते पाहिलं, सुस्कारा टाकला आणि साहेबांकडे न बघता सांगायला लागली. गावाच्या टोकाला तिच्या मामानं मागे ठेवलेलं घर आहे, मागे मोठं कुंपण घातलेलं रान आहे, कोरडी शेड आहे, सोबतीला दोन शेळ्या आहेत. मुलगी दोन वर्षं शेजारच्यांच्या घोडीवर बसायला शिकली, ती घोडी म्हातारी होऊन गेली. साहेब खुणा करत गेले. सगळ्या बरोबरच्या होत्या.

आता सांगायची वेळ आली होती. पण ‘तुम्ही!’ हा शब्द साहेबांच्या डोक्यात अजून खडखडत होता. चारदा नापास झालेल्या बाईला आपण होऊन उत्तर सांगायचं? त्यांनी मुलीला उचलून खोगिरावर बसवलं, रिकिबींचे पट्टे आखूड केले आणि मागे सरले. पक्कं ठरवलेलं तिथेच राहिलं.

मास्तर फाटकापाशी गेला आणि थांबला.

“काय झालं?” नर्स म्हणाली. “का थांबला?”

“आई, तू बोलू नकोस,” मुलगी म्हणाली. “कोपरा आहे.”

तिनं पाठ ताठ केली. मग मोठ्यानं, घडाघडा म्हणाली, “आरसा. आरसा नाहीये. पूर्ण थांबा. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे.” प्रत्येक शब्दाला तिचं डोकं वळत होतं आणि डोक्याबरोबर सगळं अंग. तिसऱ्यांदा ती वळली आणि मास्तर फाटकातून बाहेर पडला, रस्ता ओलांडला, समोरच्या गल्लीत शिरला आणि दुडक्या चालीनं पळायला लागला. त्याला पळताना साहेब कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

“हे तिला कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“कोण शिकवणार?” नर्स म्हणाली. “मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रोज घोकत असते. हातात ताट धरून स्टिअरिंग म्हणून. चार परीक्षा झाल्या, तिला माझ्याआधी पाठ झालं. तुमचीच कृपा.”

गल्लीच्या टोकाशी मास्तर थांबला. लहान डोकं तीनदा वळलं. मास्तर निघाला. साहेबांनी खिशातून पेन काढलं, राहिलेल्या सगळ्या मुद्द्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली सही केली. सव्वीस वर्षांत बावीसपैकी बावीस त्यांनी कुणाला दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर नव्या घरी गेला. घोडा न्यायची गाडी नर्सला आणता येईना, कारण तिच्याकडे परवाना नव्हता, आणि तो का नव्हता हे दोघांनाही माहीत असल्यामुळे त्यावर कुणी काही बोललं नाही. मुलगी खोगिरावर, दोरी साहेबांच्या हातात, शेजारून पिशव्या घेऊन नर्स. चार किलोमीटर, सतरा कोपरे. मास्तर सतराही ठिकाणी थांबला. पहिल्या दोन कोपऱ्यांवर साहेब सवयीनं “उजवीकडे बघ” म्हणाले. तिसऱ्यावर त्यांच्या लक्षात आलं की कुणाला गरज नाही. मग ते नुसते चालत राहिले.

शेड खरंच कोरडी होती. शेळ्या लगेच मास्तरला चिकटल्या. साहेबांनी खरारा कुठे करायचा, चंदी किती द्यायची, उजव्या खुराकडे कसं बघायचं, सगळं दोनदा सांगितलं. नर्सनं दोन्हीदा ऐकून घेतलं.

“पुढच्या सोमवारी माझी पाचवी परीक्षा आहे,” ती शेवटी म्हणाली. “या व्यवहाराचा काही उपयोग होईल का?”

“नाही,” साहेब म्हणाले.

“वाटलंच होतं,” ती म्हणाली. “रविवारी येत जा. तो वाट बघेल.”

तो वाट बघेल की नाही, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मास्तरच्या मानेवर थोपटलं. मास्तर गवत खात होता आणि त्यानं डोकं वर केलं नाही. हे चांगलंच लक्षण आहे, असं साहेबांनी स्वतःला सांगितलं. हातात रिकामी दोरी घेऊन ते कुंपणाबाहेर पडले.

नर्सच्या घराला लागूनच कोपरा होता. साहेब तिथे आले आणि थांबले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. रस्त्यात काही नव्हतं. पण नऊ वर्षं एवढं पाहून झालं की ते कुणाला तरी ‘चल’ म्हणत आले होते, आणि आज शेजारी कुणी नव्हतं. त्यांचा पाय उचलेना. आधी एक सायकलवाला त्यांना वळसा घालून गेला, मग दूधवाला. साहेब कोपऱ्यावर उभेच. डोळे भरले होते, आणि दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरल्यामुळे ते पुसता येत नव्हते.

मागून, कुंपणाच्या वरच्या दांडीवर चढून, मुलगी केव्हाची त्यांच्याकडे बघत होती. तिनंही उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं.

“काका,” ती ओरडली, “रस्ता मोकळा आहे. चला!”

साहेब निघाले.