वाफेवरचा पुलाव

तुर्दीमामा चाळीस वर्षं लग्नांचा पुलाव शिजवून थकला होता. आपली कढई कुणा चांगल्या आचाऱ्याला द्यायची म्हणून आम्ही गावोगाव फिरत होतो. आतापर्यंत नऊ जण नापास झाले होते.

कोकंद शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चहाखाना अचानक सापडला. पुढे ट्रकांची धूळ, मागे मात्र जर्दाळूंची बाग आणि पाटाच्या पाण्यावर टाकलेली लाकडी बैठक. माझ्या तापमापकात रस्त्यावर एकेचाळीस अंश होते, बैठकीवर एकोणतीस. पिकलेलं जर्दाळू पाण्यात पडलं तरी ऐकू येत होतं.

"दुपारचा पुलाव संपला, काका. दुसरा वाफेवर आहे," आचारी इल्होम म्हणाला.

"झाकण काढ, बघू दे."

"अजून वीस मिनिटं."

"अरे, तुझ्या जन्माआधीपासून शिजवतोय मी!"

"मग तुम्हाला माहीतच असेल. बसा, चहा घ्या."

उलट बोलणाऱ्याला मामा सोडत नाही, म्हणून मी श्वास रोखला. पण तो बैठकीवर ऐसपैस बसला.

"त्या नऊ जणांनी मला घाबरून झाकण उघडलं होतं," तो मला म्हणाला. "जा, गाडीतली कढई उतरव."