एकशे अठरा अंश

मोठ्या साहेबांनी मला ओळखलं नाही, हे बरंच झालं. सात वर्षांपूर्वी त्यांनी बाबांना कारखान्याच्या फाटकाबाहेर काढलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि वायरमनच्या पोरीकडे बघायला साहेबांना कुठली फुरसत!

बाटल्या भरायच्या त्या कारखान्यात विजेचं एक पॅनेल जळलं होतं. साहेबांनी लगेच थर्मल कॅमेऱ्याचा, म्हणजे कुठे किती तापलंय ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, रिपोर्ट पुढे केला. ढिला जॉइंट तापतो; आगीच्या चार दिवस आधी तारांचे सगळे जॉइंट थंड होते, म्हणजे त्यानंतर वायरमननेच कुठेतरी हात लावला आणि नट ढिला सोडला. करून सवरून साहेब नामानिराळे. गल्लीत बाबांना 'ढिला नट' असं नाव पडलं. अख्खा जन्म विजेच्या कामात काढलेला माणूस आता घरातला बल्ब गेला तरी शेजाऱ्याला हाक मारतो. मी हा कॅमेरा वापरायला शिकले ते पोटासाठी नाही, उघडच सांगते. मला सूड हवा होता.

शिकताना पहिल्याच आठवड्यात कळलं, की जॉइंट किती तापतो ते बघायचं तर त्यातून वीज वाहत असली पाहिजे, आणि चांगली भरपूर. मशिनं बंद असली तर कितीही सडका जॉइंट थंडच दिसणार. घरी येऊन मी त्या रिपोर्टची तारीख जुन्या कॅलेंडरवर शोधली. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस! पण मी नुसतं बोट दाखवलं असतं तर साहेब म्हणाले असते, 'त्या दिवशी मशिनं चालू ठेवली होती.' मला ते त्यांच्याच तोंडून हवं होतं, साक्षीदारासमोर.

यंदा विमा कंपनीने तपासणी मागितली आणि काम माझ्याकडे आलं. साहेबांचा फोन आला.

"मॅडम, सुट्टीच्या दिवशी या ना. निवांत होईल, कुणाची लुडबुड नाही."

"मशिनं चालू असतानाच येईन," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर एकटीच हसले.

ठरल्या दिवशी अकरा वाजता तोंडावर ढाल आणि हातात जाड मोजे चढवून मी लेबल लावायच्या मशिनचं पॅनेल उघडायला लावलं. कॅमेऱ्यात शेजारशेजारचे दोन जॉइंट सेहेचाळीस अंशांवर होते. तिसरा तापून पडद्यावर पांढराफटक, एकशे अठरा. असं काही दिसलं की बाकी सगळं सोडून आधी मशिन बंद करायला सांगायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण विमा कंपनीचे अधिकारी एक वाजता यायचे होते. आत्ताच बोंब मारली तर साहेब सावध होतील, मग ताकही फुंकून पितील. मी दार लावून घेतलं. दोन हातांवर एक बाई बाटल्यांवरची लेबलं तपासत उभी होती. मी पुढच्या पॅनेलकडे गेले.

एक वाजता अधिकारी आले. चहा झाला. मी अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, तुमच्याकडे आधीच्या तपासण्या सुट्टीच्या दिवशीच व्हायच्या का?"

"नेहमीच! माझाच नियम आहे तो. सगळं बंद करायचं आणि शांतपणे बघायचं."

"आगीच्या आधी झालेली ती पण?"

"हो तर!"

आगीची जुनी फाइल अधिकाऱ्यांपुढेच होती. त्यांचं पेन थांबलं. "बंद मशिनांवर तपासणी केलीत? आणि त्यावरून माणूस काढलात?"

साहेबांना आपण काय बोलून बसलो ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी कुणाची मुलगी तेही सांगून टाकलं. त्यांचं तोंड असं उतरलं, की सात वर्षांची भूक एका घासात भागली. मग मी जॉइंटचं सांगितलं, मशिन बंद करायला लावलं. जुना रिपोर्ट कुचकामी आहे, आगीचा दोष वायरमनवर ठेवता येत नाही, असं साहेबांनी अधिकाऱ्यांसमोर लिहून दिलं. खाली सही केली. मी शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. डोळे पुसले. मग वायरमनच तो, विचारलंच, "आणि आज काही सापडलं?"

"तस्साच जॉइंट, बाबा! एकशे अठरा. मला अकरालाच दिसला होता, पण साहेब जाळ्यात येईपर्यंत मी ब्रसुद्धा काढला नाही."

"पॅनेल चालूच होतं?"

"हो."

"जवळ कोण होतं?"

"लेबलं तपासणारी एक बाई. पण काही झालं नाही ना!"

"आमच्या वेळी पण चार दिवस काही झालं नव्हतं."

 बाबांनी कागदाची घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवली.

"दोन तास त्या बाईला तिथे उभं ठेवून आणलास," ते म्हणाले. "मला नको हा."